समुपदेशकासाठी वर्गाचे दारही उघडा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विशाखापट्टणम येथे नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, या तत्त्वाची बरीच चर्चा झाली. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि विद्यार्थ्यांचा जाहीर पाणउतारा करणे संस्थांनी टाळावे, शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि वंचित घटकांतून आलेल्या किंवा अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांशी भेदभावाविना कसे वागावे याची जाण त्यांना द्यावी, हेही त्याच निकालात आहे. त्याची चर्चा मात्र फारशी झालेली नाही.

माझ्या परिचयाच्या काही महाविद्यालयांत या निकालानंतर समुपदेशक नेमण्याच्या हालचाली झाल्या आणि जवळपास सगळीकडे एकच चित्र दिसले. नेमणूक अकरा महिन्यांची किंवा तासिका तत्त्वावर, हजेरी आठवड्यातून दोन दिवस, बसायला जिमखान्याशेजारची खोली, आणि कामाची व्याख्या एवढीच, की अडचणीतला विद्यार्थी दार ठोठावेल तेव्हा त्याच्याशी बोलावे. मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आहे. खचलेल्या मुलाला विश्वासाने मन मोकळे करता येईल अशी जागा किती निकडीची असते, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु मानसशास्त्रज्ञाला तेवढ्याच खोलीत बसवून ठेवले, तर त्याच्या विद्येचा मोठा भाग विद्यापीठ वाया घालवते, असे माझे ठाम मत आहे. विद्यार्थी खचतो तो पुष्कळदा वर्गात, प्रयोगशाळेत, तोंडी परीक्षेत आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी. त्या ठिकाणांवर काम करण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञाला हवा, आणि ते काम आयुष्यभराची कारकीर्द म्हणून करता येईल असे पदही हवे.

अशी कारकीर्द ही कल्पनेतली गोष्ट नाही. विल्बर्ट मॅकीची हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम करून ते विद्यापीठाच्या ॲन आर्बर या गावी आले, १९४९ मध्ये त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली आणि पुढचे सारे आयुष्य त्याच विद्यापीठात काढले. महाविद्यालयीन अध्यापन हाच त्यांनी संशोधनाचा विषय मानला. पहिल्यांदाच वर्गावर उभे राहणाऱ्या तरुण साहाय्यकांना काय सांगावे, या व्यावहारिक गरजेतून त्यांनी काही टिपणे लिहून, त्यांच्या प्रती काढून वाटली. पुढे त्या टिपणांचे पुस्तक झाले, चौदा आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी जगतात नव्या प्राध्यापकाच्या हाती पहिल्यांदा तेच पुस्तक देण्याची प्रथा पडली. दहा वर्षे त्यांनी मानसशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले, १९७६ मध्ये ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते, आणि २०१९ मध्ये सत्त्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले. इतका मान मिळालेला माणूस अखेरपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिला, की समोर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत आपले शिकवणे पोहोचते आहे का, आणि पोहोचत नसेल तर का नाही.

त्यांचा एक प्रयोग मी प्राध्यापकांच्या प्रत्येक बैठकीत सांगत असे. मॅकीची आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत काही विद्यार्थ्यांना प्रत्येक प्रश्नाखाली मोकळी जागा दिली आणि प्रश्नाबद्दल काही म्हणायचे असल्यास तेथे लिहा, असे सांगितले. बाकीच्यांना ती मुभा नव्हती. ज्यांना ती जागा मिळाली त्यांना गुण अधिक पडले. प्रश्न तेच, अभ्यासक्रम तोच, परीक्षकही तेच. परीक्षेने मनावर आणलेला ताण बाहेर काढायला वाट मिळाली आणि आधीपासून येत असलेले उत्तर कागदावर उतरले. परीक्षा सोपी न करता, एका गुणाचीही सवलत न देता, केवळ मांडणी बदलून हे साधले. सर्वसमावेशक शिक्षण म्हणजे दर्जा खाली आणणे, असा समज आपल्याकडील कितीतरी चांगल्या प्राध्यापकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. तो दूर करायला या साध्या प्रयोगाइतके उपयोगी दुसरे काही मला सापडलेले नाही.

मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये अध्ययन व अध्यापनावरील संशोधनासाठी एक स्वतंत्र केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील अशा स्वरूपाचे ते पहिले केंद्र. मॅकीची यांनी पुढे काही वर्षे त्याचे संचालकपदही भूषवले. या केंद्राची एक पद्धत येथे थोडी तपशिलाने सांगते, कारण ती उद्या लातूरला किंवा रत्नागिरीलाही सुरू करता येईल. सत्राच्या मध्यावर प्राध्यापक स्वतःहून केंद्राकडे विनंती करतात. केंद्रातील सल्लागार वर्गात येतो आणि प्राध्यापक वीस-पंचवीस मिनिटे वर्गाबाहेर जातात. विद्यार्थी लहान गटांत बसून दोनच गोष्टी ठरवतात: या तासाला कशामुळे शिकायला मदत होते, आणि काय बदलल्यास अधिक मदत होईल. सल्लागार त्यांचे म्हणणे नोंदवून घेतो, कोण काय म्हणाले हे न सांगता ते प्राध्यापकांपुढे ठेवतो आणि दोघे मिळून उरलेल्या सत्रात काय करायचे ते ठरवतात. हा सारा संवाद त्या दोघांपुरता राहतो. विभागप्रमुखाकडे अहवाल जात नाही आणि पदोन्नतीच्या कागदपत्रांतही त्याचा उल्लेख येत नाही. याच केंद्राने एक नाट्यपथकही उभारले. वर्गात एखाद्या विद्यार्थिनीचे म्हणणे वारंवार मध्येच कसे तोडले जाते, गटात एखाद्याला कसे गृहीत धरले जाते, असे प्रसंग ते प्राध्यापकांपुढे सादर करते आणि मग त्यांवर चर्चा घडवून आणते.

आता आपल्याकडील अभिप्रायाची रीत पाहा. वर्ष संपत आले की आयक्यूएसीचे, म्हणजे महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक गूगल फॉर्म पाठवतात, मुले पाच मिनिटांत सगळीकडे ‘उत्तम’वर टिचकी मारतात, त्याचे रंगीत आलेख निघून एक्यूएआर या वार्षिक गुणवत्ता अहवालाला जोडले जातात आणि पुढे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवले जातात. ज्या मुलांनी तो अभिप्राय दिला, त्यांच्या वाट्याला त्यातून काहीच येत नाही, कारण तोवर त्यांचे वर्ष सरलेले असते. या कामात मने गुंतवून राबणारे समन्वयक मी पाहिले आहेत आणि दोष त्यांचा नाही. शिकणाऱ्याचे म्हणणे ऐकून त्याच सत्रात शिकवणे बदलायचे असते, ही गोष्ट ज्याची रोजची जबाबदारी असेल असा माणूसच आपल्या रचनेत नाही.

मिशिगनमधूनच आणखी एक कारकीर्द घडली. सामाजिक मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे आले, तेव्हा अल्पसंख्य विद्यार्थ्यांची गळती अभ्यासणाऱ्या समितीवर त्यांना घेण्यात आले. प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण मिळवलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये विद्यापीठात आल्यावर अंतर पडत जाते, आणि हे अंतर सर्वांत हुशार मुलांतही दिसते, हे त्यांनी त्या समितीच्या आकडेवारीत पाहिले. तयारी सारखी असेल तर पुढचे अंतर कुठून येते, या प्रश्नाने त्यांची पुढची सारी दिशा ठरली. जोशुआ ॲरॉन्सन यांच्यासह त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक अवघड चाचणी ‘तुमची बौद्धिक क्षमता मोजण्यासाठी’ आहे असे सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. तीच चाचणी क्षमतेशी संबंध नसलेला अभ्यास म्हणून दिली, तेव्हा आधीचे गुण हिशेबात घेता त्यांची कामगिरी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीची राहिली. आपल्या समाजाबद्दलचा हलका समज आपल्याच हातून खरा ठरेल की काय, ही धास्ती मनाची शक्ती खाऊन टाकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या मोठ्या प्रमाणावरील फेरतपासण्यांत हा परिणाम काही ठिकाणी बराच क्षीण आढळला आणि त्यावर विद्वानांत अजून वाद आहे, हेही वाचकांना सांगितले पाहिजे. स्टील मात्र प्रयोगशाळेत थांबले नाहीत. त्यांनी कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे बर्कलीला वरिष्ठ प्रशासकीय पदे सांभाळली, म्हणजे जे वातावरण त्यांनी अभ्यासले ते घडवण्याची जबाबदारीही अंगावर घेतली.

हा सारा अमेरिकेतील वर्णभेदाचा इतिहास आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील खेड्यांत झालेला अभ्यास अवश्य पाहावा. तथाकथित उच्च आणि कनिष्ठ जातींतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. कोणाची जात काय हे जाहीर केलेले नव्हते तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमक्ष नाव आणि जात वाचून दाखवल्यावर कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडीही त्याच प्रकारची. फरक पडला तो मोठ्याने वाचलेल्या यादीमुळे.

हे वाचताना मला आपले वर्ग आठवले नाहीत तरच नवल. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाल्या की कार्यालयातील शिपाई चालू तासाला यादी घेऊन येतो, प्राध्यापक शिकवणे थांबवून प्रवर्गासह नावे वाचतात आणि ती मुले एकेक करून उभी राहतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. शेवटची तारीख जवळ आलेली असते एवढेच. पण फळ्यावर अर्धवट राहिलेल्या गणिताकडे ती मुले नंतर कोणत्या मनाने पाहत असतील, याचा विचार करण्याची जबाबदारी कोणाची असते? आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्र विभागाने हा विषय मांडल्यावर कार्यालयाने प्रत्येकाच्या मोबाइलवर स्वतंत्र निरोप पाठवायला सुरुवात केली. त्यासाठी एक पैसाही लागला नाही.

दुसरे उदाहरण प्रयोगशाळेचे. प्रथम वर्ष विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या तुकड्या हजेरी क्रमांकाप्रमाणे पडत, आणि हजेरी क्रमांक प्रवेशाच्या क्रमाने मिळत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शुल्काची जुळवाजुळव यांत ज्यांचे दिवस गेले, ती खेड्यापाड्यांतील मुले उशिरा प्रवेश घेत आणि आपोआप शेवटच्या तुकडीत एकत्र येत. सहा महिन्यांत ती ‘कच्ची तुकडी’ म्हणून ओळखली जाऊ लागे. आश्रमशाळेतून आलेली एक विद्यार्थिनी तिच्यात होती. व्हर्नियर कॅलिपर तिच्या हातात असा बसे, की शेजारच्या टेबलावरची मुले वाचन कसे घ्यायचे ते तिलाच विचारत. तोंडी परीक्षेत मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीतून लीस्ट काउंटची व्याख्या विचारली आणि ती गप्प झाली. आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी परीक्षकांच्या परवानगीने तिला विचारले, ‘या पट्टीवर सगळ्यांत कमी किती मोजता येतं गं, आणि ते कसं काढलंस?’ तिने ते सांगितलेच, शिवाय त्या विशिष्ट उपकरणात शून्याची चूक किती आहे, तेही न विचारता सांगितले.

त्यानंतर त्या सहकाऱ्यांनी आमच्या विभागाशी बसून दोन बदल ठरवले. तुकड्या प्रवेशाच्या क्रमाने न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडायच्या आणि जोड्या दर महिन्याला बदलायच्या. आणि सरावाच्या तोंडी परीक्षेत प्रश्न आधी मुलांच्या भाषेत विचारून उत्तर आल्यावर त्याची इंग्रजी परिभाषा त्याच वेळी पक्की करून घ्यायची, म्हणजे अंतिम परीक्षेत ती ओठांवर असेल. अभ्यासक्रमातील एक प्रयोगही कमी केला नाही. मानसशास्त्रज्ञाने शिकवण्यात ढवळाढवळ केली, असे त्या सहकाऱ्यांना कधी वाटले नाही, कारण काय शिकवायचे हा निर्णय शेवटपर्यंत त्यांचाच होता.

विद्यार्थ्याला केवळ धीर देऊन भागत नाही, याला आता चांगला आधार उपलब्ध आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले होते, की ‘सुरुवातीला परके वाटणे स्वाभाविक आहे, हळूहळू आपण येथे रुळतो’ हा वरच्या वर्गातील मुलांचा अनुभव नवागतांपर्यंत तासाभराच्या उपक्रमातून पोहोचवला, तर त्याचा परिणाम पुढे तीन वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांत दिसतो. तो अभ्यास लहान होता. वॉल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये २२ संस्था आणि २६,९११ विद्यार्थी घेऊन तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. उपक्रमाचा लाभ दिसला, पण मागे पडत आलेल्या गटांतील मुलांना तो तेथेच झाला, जेथे त्यांना खरोखर आपलेपणा लाभण्याची संधी होती. खडकावर पेरलेले बियाणे कितीही चांगले असले तरी उगवत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जिमखान्याशेजारच्या खोलीत समुपदेशकाने मुलीला ‘तू येथलीच आहेस’ असे सांगावे आणि पुढच्या तासाला वर्गाने तिला उलट अनुभव द्यावा, तर त्या समुपदेशकाच्या शब्दावर तरी तिने का विश्वास ठेवावा?

आपल्याकडे मानसशास्त्राचा शिक्षणाशी आलेला संबंध दीर्घकाळ मोजमापाभोवती फिरत राहिला. बुद्धिमापनाच्या बिने-कामत चाचणीपासून दहावीच्या कलचाचणीपर्यंत आपण मुलांना मोजले. त्यांना शिकवणारा वर्ग मात्र क्वचितच तपासला. कायदे आणि नियम पुरेसे आहेत. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला आणि त्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितले. तरीही जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना, त्या विनियमांची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. डॉ. तडवी आपल्याच राज्याच्या, मुंबईत शिकणाऱ्या. त्यांचे नाव घेताना आजही मन विषण्ण होते.

म्हणून माझी राज्य शासनाला, उच्च शिक्षण विभागाला आणि विद्यापीठांच्या कुलगुरूंना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे, की या निकालानुसार जी पदे निर्माण होतील ती तासिका तत्त्वावर भरू नयेत. जो स्वतःच दर जूनमध्ये नव्या आदेशाची वाट पाहतो, त्याने प्राचार्यांसमोर जाऊन हजेरी क्रमांकांची पद्धत चुकीची आहे, असे कसे म्हणावे? मॅकीची यांना अर्धशतकभर एकाच विद्यापीठात एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करता आला, तो त्यांच्या पायाखालची जमीन पक्की होती म्हणून. विद्यापीठ स्तरावर अध्यापन-साहाय्यासाठी मानसशास्त्रज्ञांचे छोटे पथक असावे, त्यांना शिक्षक संवर्गातील वेतनश्रेणी आणि पदोन्नतीची वाट असावी, आणि महाविद्यालयांतील समुपदेशकांनी त्यांच्याशी जोडलेले असावे. विद्यार्थ्याचे खासगी बोलणे ऐकणारा आणि प्राध्यापकांसोबत अध्यापनावर काम करणारा ही शक्यतो दोन वेगळी माणसे असावीत. जेथे एकावरच भागवावे लागेल, तेथे विद्यार्थ्याची गुपिते कोणत्याही कारणाने वर्गापर्यंत पोहोचणार नाहीत, असा लेखी नियम असावा. प्राध्यापकांच्या वर्गात जाणे त्यांच्या निमंत्रणानेच व्हावे आणि त्यातील एक अक्षरही गोपनीय अहवालात जाऊ नये, अन्यथा कोणीही निमंत्रण देणार नाही आणि ते योग्यच ठरेल.

नवनियुक्त प्राध्यापकांसाठी महिनाभराचा ‘गुरुदक्षता’ कार्यक्रम आहे, मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे आहेत. तेथील व्याख्यानांपैकी काही तास कमी करून त्या जागी प्रत्यक्ष वर्गातील एखादी अडचण घेऊन मानसशास्त्रज्ञासोबत बसण्याचे काम ठेवले, तर नव्या इमारतीची वाट पाहावी लागणार नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशाआधी निदान एका अकृषी विद्यापीठाने हे करून पाहावे. हजेरी क्रमांक, शिष्यवृत्तीच्या याद्या आणि सत्राच्या मध्यावरचा अभिप्राय या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी, आणि वर्षअखेरीस काय बदलले व काय बदलले नाही, हे आपल्या वृत्तपत्रातून सर्वांसमोर मांडावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापिका,
मराठवाडा